ऑफिसात मी कॅथलिक आहे हे सांगू कशी?

नाव-गाव वगळून पत्राचा सारांश:

"मी वसई तालुक्यातल्या एका गावातली, कुपारी समाजातली कॅथलिक मुलगी. वय 29. शिक्षण संपल्यावर पुण्याला आले, आता हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. गावात धर्म हा सांगायचा विषयच नव्हता, सगळी आळीच मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायची. पुण्यात मात्र मी गप्प होत गेले. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या मिस्सेवरून थेट ऑफिसला गेले आणि डेस्कवर जाण्याआधी वॉशरूममध्ये शिरून कपाळावरची राख टिश्यूने पुसून टाकली. उपवासकाळात शुक्रवारी टीमने बिर्याणी मागवली की 'पोट बरं नाही' म्हणून वेळ मारून नेते. पण सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीचे वडील गेले. ती कामावर परत आली तेव्हा चहा घेताना म्हणाली, 'तू रविवारी चर्चला जातेस ना गं? माणूस गेल्यावर पुढे काय होतं, तुमच्यात काय मानतात?' मी म्हटलं, 'अगं, मी काही एवढी धार्मिक नाही,' आणि विषय बदलला. आमच्या प्रार्थनागटाचे प्रमुख म्हणतात, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाने शुभवार्ता सांगितलीच पाहिजे. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक वचन टाकायला लाग. ते मला जमणार नाही, आणि भीतीही वाटते. जेवणाच्या टेबलावर एकदा एक जण 'तुम्हाला तर पोर्तुगीजांनी बाटवलं' असं बोलून गेलाय. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांनी क्रुसावर प्राण दिला आणि मला कपाळावर राख ठेवता येत नाही. ताई, मी भित्री आहे का? आणि बोलायचं तर कसं?"

प्रिय मैत्रिणी,

राख, बिर्याणी आणि मैत्रीण हे तिन्ही प्रसंग तू एकाच खात्यावर मांडून स्वतःला दोषी ठरवून मोकळी झाली आहेस. मला ते तीन वेगळे प्रसंग दिसतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि एकात तर तुझी फारशी चूकही नाही.

आधी राख. त्या दिवशी मिस्सेत कोणतं शुभवर्तमान वाचलं जातं ते आठव. मत्तयचा सहावा अध्याय. उपास करताना तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास लोकांना दिसणार नाही, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याला दिसेल. ज्या सकाळी आपण कपाळावर राख घेऊन चर्चबाहेर पडतो, त्याच सकाळी प्रभू आपल्याला तोंड धुवायला सांगतो. राख दिवसभर कपाळावर ठेवलीच पाहिजे असा चर्चचा नियम नाही. मिस्सा चुकवू नये अशा बंधनकारक दिवसांतही राखेचा बुधवार येत नाही. तेव्हा राख पुसली म्हणून पाप घडलं असं काही मनात ठेवू नकोस.

पण त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, प्रभू असंही म्हणतो की दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो. मला ही दोन वचनं एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. लोकांनी आपल्याला भाविक म्हणावं अशी ज्याला हौस आहे त्याच्यासाठी पहिलं वचन आहे, आणि लोक काय म्हणतील या धास्तीने जो जगतो त्याच्यासाठी दुसरं. आपण कोणत्या बाजूला झुकलोय ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. तुलाही ते ठाऊक आहे, नाहीतर तू पत्र लिहिलं नसतंस.

आता मला सांग, ती राख तशीच ठेवून तू डेस्कवर गेली असतीस तर काय झालं असतं? कोणीतरी विचारलं असतं, "कपाळाला काय लागलंय?" तू म्हणाली असतीस, "आज आमचा राखेचा बुधवार. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. ती लावताना फादर म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस, हे लक्षात ठेव." एवढंच. समोरचा माणूस महाराष्ट्रातला आहे. त्याच्या घरी देवाचा अंगारा कपाळाला लावतात, वारीहून आलेल्या आजोबांच्या कपाळावर त्याने बुक्का पाहिलाय. राखेचं त्याला नवल नाही. आपलं काहीतरी परकं आहे, लोकांना ते विचित्र वाटेल, ही समजूत तू गावाहून येताना बरोबर आणलीस की पुण्यात आल्यावर धरलीस, ते तूच तपासून बघ. माझ्या मते तुझ्या गप्प राहण्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या समजुतीत आहे.

बिर्याणीचं तर सोपं आहे. "आज मला मांस चालत नाही, आमचा उपवासकाळ सुरू आहे" एवढं वाक्य पुरे. तुझ्या टीममध्ये कुणाची संकष्टी असेल, कुणाचा गुरुवार, कुणी अख्खा श्रावण पाळत असेल. तेही सांगतातच की. कुणी म्हणेल, "म्हणजे आमच्या श्रावणासारखंच." तेव्हा नुसतं "हो" म्हणून विषय संपवू नकोस. "बरंचसं तसंच. प्रभू येशूने रानात 40 दिवस उपास केला होता, त्याची आठवण म्हणून आम्ही करतो. खाण्यातून वाचलेले पैसे गरिबाला द्यायचे असतात." झालं, तू श्रद्धेबद्दल बोललीस. पोटाचं खोटं कारण मात्र सोड. खोटं लहान असलं तरी दर शुक्रवारी नव्याने सांगायचं म्हटलं की माणूस स्वतःलाच परका होत जातो.

आता मैत्रीण. इथे मी तुला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाही, कारण टोचतं आहे ते योग्य ठिकाणीच टोचतं आहे.

प्रभूच्या शिष्याने, पेत्राने, प्रभूला नाकारलं तो प्रसंग आठव. त्याच्या गळ्याला कुणी तलवार लावली नव्हती. अंगणात शेकोटी पेटली होती, लोक शेकत होते, आणि एका दासीने साधं विचारलं, तूही त्याच्याबरोबर होतास ना? पुढे बाकीचे म्हणाले, तुझ्या बोलीवरून कळतंय. गालिलकरांची बोली यरुशलेमात लगेच ओळखू यायची, जशी कुपारी माणसाची पुण्यात येते. पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखतही नाही. नाकारण्याचे प्रसंग असेच साधे असतात, कुणी चहा घेताना विचारतं आणि आपण विषय बदलतो. पण हेही बघ की पुढे त्याच पेत्राच्या नावाने असलेल्या पत्रात वाचायला मिळतं: तुमच्या ठायी जी आशा आहे तिचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या. पेत्राला प्रभूने परत जवळ घेतलं. त्यामुळे तुझ्या त्या एका वाक्यावर सगळं संपलं असं समजण्याचं कारण नाही.

तिच्या प्रश्नाकडे नीट बघ. तिने तुला धर्मशास्त्र विचारलं नव्हतं. माझे बाबा आता कुठे आहेत, हे तिला विचारायचं होतं, आणि ज्या माणसाला मरणाबद्दल काहीतरी आशा वाटत असेल असं तिला वाटलं, त्या माणसाला तिने विचारलं. ती माणूस तू होतीस. तुझ्याकडे ती ओढीने आली होती, हे तू पत्रात लिहिलंस, पण बहुधा तुझ्या लक्षात आलेलं नाही.

या आठवड्यात तिला गाठ. ऑफिसच्या गडबडीत नको, बाहेर थोडं चालायला जा. आणि आधी तिला बोलू दे. वडील कसे होते, शेवटी काय झालं, घरी आई कशी आहे, हे विचार. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये काढलेल्या बोधपत्रात श्रद्धा एकमेकांना सांगण्याचा क्रम असाच दिलाय: पहिल्यांदा त्या माणसाचं ऐका, त्याचे आनंद, त्याच्या काळज्या समजून घ्या, देवाच्या वचनाचं नंतर. मग म्हण, "त्या दिवशी तू मला विचारलंस आणि मी टाळलं. मला नीट सांगता येणार नाही असं वाटलं. पण मी मानते ते असं, की मरण हा शेवट नाही. देवाने येशूला मेलेल्यांतून उठवलं, म्हणून आपली माणसंही त्याच्या हातात आहेत अशी आम्हाला आशा आहे. आम्ही गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. 2 नोव्हेंबरला गावात आम्ही सगळे कबरस्तानात जातो, कबरींवर फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो." तुझ्या घरच्या कुणाची कबर तिथे असेल, तर त्या माणसाबद्दलही सांग.

तिने पुढे विचारलं, "पण माझे बाबा तर ख्रिश्चन नव्हते," तर घाबरू नकोस आणि कठोरही होऊ नकोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 मध्ये स्पष्ट शिकवलंय की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला धरून चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. कुणाच्या बाबांचा निवाडा करणं आपलं काम नाही. "मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते" हे मात्र तू खुशाल म्हणू शकतेस. मिस्सा कुणाही जिवंत किंवा मृत माणसासाठी अर्पण करता येते, तो बाप्तिस्मा झालेला असलाच पाहिजे असं नाही. तुला वाटलं तर तिला विचार, "बाबांच्या नावाने एक मिस्सा सांगू का?" ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबव. हो म्हणाली तर फादरांकडे नाव दे. तिला चर्चमध्ये यायचं आमंत्रण या घडीला देऊ नकोस. तिला स्वतःहून यावंसं वाटलं तर ती तुला विचारेल. दुःखातल्या माणसाच्या हळव्या क्षणाचा आपल्या मनातल्या कामासाठी वापर करणं मला अजिबात मान्य नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

आता तुमच्या गटप्रमुखांचं म्हणणं. त्यातला अर्धा भाग खरा आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) मिळालेल्या माणसाला श्रद्धा फक्त देवघरापुरती ठेवता येत नाही. पण ऑफिसच्या ग्रुपवर रोज वचन टाकणं? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तो ग्रुप कामासाठी आहे, तिथल्या लोकांनी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, आणि रोज आलेला मेसेज लोक वाचत नाहीत, पुढे सरकवतात. वचनाची तेवढी किंमत आपण तरी ठेवावी. स्वतःच्या स्टेटसवर नाताळला, ईस्टरला, तुला एखादं वचन खरंच भिडलं त्या दिवशी, जे टाकायचं ते टाक. तो तुझा ओटा आहे. सहावा पोप पॉल यांनी 1975 मध्ये लिहिलं की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो, आणि शिक्षकांचं ऐकलंच तर ते साक्षीदार असतात म्हणून. वचन टाकणाऱ्याला रिलीजच्या आदल्या रात्री कुणी अडलं तर थांबून मदत करावी लागते, पगारवाढीच्या दिवसांत मागे बोलणाऱ्यांत सामील होता येत नाही. ते तू करत असशील तर तुझं बोलणं कुणी तरी ऐकेल, नसशील तर रोजच्या वचनाने उलट चेष्टा होईल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचंच आणखी एक वचन गटप्रमुखांना वाचायला दे. धार्मिक स्वातंत्र्यावरच्या 1965 च्या जाहीरनाम्यात म्हटलंय की श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा किंवा आडमार्गाने मन वळवण्याचा वासही येता कामा नये, आणि गरीब वा अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही. म्हणून माझी इतर वाचकांनाही विनंती आहे. तुम्ही टीम लीड असाल आणि समोरच्याचं अप्रेझल तुमच्या हातात असेल, शिक्षिका असाल आणि समोर दुसऱ्या धर्मातली मुलं असतील, नर्स असाल आणि समोर पेशंट असेल, तर तुमचा पुढाकार आणखी कमी हवा. विचारलं तर खरं उत्तर द्या, लपवू नका, पण विषय तुमच्याकडून निघू देऊ नका. ज्याला नाही म्हणणं अवघड जातं त्याच्यासमोर आपण जास्त सांभाळून बोलावं.

उघडपणे जगायचं म्हणजे काय, हे बघायला तुला वसईच्या बाहेर जायची गरज नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोधही केला. ते धर्मगुरू होते हे त्यांनी कधी झाकलं नाही आणि कुणावर लादलंही नाही. वसईच्या पाण्यासाठी, हिरवाईसाठी ते लोकांबरोबर उभे राहिले होते, मराठीत आयुष्यभर लिहीत होते. या फादरांचा देव कोण, हा प्रश्न लोकांच्या मनात त्यांच्या कामामुळे आला.

"पोर्तुगीजांनी बाटवलं" या वाक्याला काय उत्तर द्यायचं? आधी हे ठरव की बोलणाऱ्याला उत्तर हवंय का. नुसतं डिवचायचं असेल तर जेवण चालू ठेव, तुझ्यावर काही बंधन नाही. पण खरंच बोलायचं असेल तर इतिहासाला बगल देऊ नकोस. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली सक्ती झाली, देवळं पाडली गेली. ते मान्य कर, पोर्तुगीजांची वकिली करायला तू बांधील नाहीस. आणि मग पुढचंही सांग. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. त्यानंतर या श्रद्धेला धरून राहण्याची सक्ती आमच्या पूर्वजांवर कुणी करत नव्हतं. तरीही घरोघरी पवित्र माळ (जपमाळेची प्रार्थना) म्हटली जात राहिली, नातवंडांचे बाप्तिस्मे होत राहिले. पोर्तुगीज सत्ता वसईत टिकली त्याहून जास्त काळ त्यांच्यामागे आम्ही आमच्या मर्जीने कॅथलिक राहिलोय. "आणि आज मी कॅथलिक आहे ती मला स्वतःला पटतं म्हणून" हे वाक्य शेवटी तुझ्याच तोंडून यायला हवं. तुला का पटतं, याचं उत्तर इतिहासात सापडणार नाही. ते एकदा शांतपणे बसून, कागदावर, तुझ्या नेहमीच्या बोलण्यातल्या शब्दांत लिहून काढ. वाचून दाखवायला नाही, तुला स्वतःला सापडावं म्हणून. बऱ्याचदा आपण लाजतो म्हणून गप्प नसतो, आपल्याकडे सांगायला काय आहे हे कधी नीट पाहिलेलंच नसतं.

संत गोन्सालोंशी तू स्वतःची तुलना केलीस, तिथेही थोडं थांबूया. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत ते क्रुसावर गेले, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्याआधीचं फारसं बोललं जात नाही. वसईत जन्मलेला हा माणूस जपानी भाषा शिकला, तिथे व्यापार करत राहिला, लोकांत मिसळला. मनिलामध्ये फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात बंधू झाल्यावर 1593 मध्ये तो जपानला परत गेला तो दुभाषा म्हणून, कारण बाकीच्यांना तिथली भाषा येत नव्हती. ते धर्मगुरू नव्हते. दुसऱ्यांचं बोलणं समजून घ्यायचं आणि आपल्यांचं त्यांना समजेल असं सांगायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांच्या आयुष्यातला हा भाग हिंजवडीत राहूनही अनुसरता येतो. क्रुसाची वेळ कुणावर आणायची ते देवाकडे राहू दे.

भीतीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण ती खोटी भीती नाही. देशात काही ठिकाणी प्रार्थनासभांवर हल्ले झालेत, धर्मांतराचे आरोप लागलेत, हे तूही वाचतेस. संविधानाच्या कलम 25 ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत. पण हक्क आहे म्हणून प्रत्येक टेबलावर धीटपणा दाखवायलाच हवा असं नाही. कुणी सतत टोमणे मारत असेल, धर्मावरून काम अडवत असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि एचआरकडे लेखी तक्रार कर. ते सहन करत राहणं म्हणजे साक्ष देणं नाही. सावध राहणं वेगळं आणि विचारणाऱ्या मैत्रिणीपासून तोंड लपवणं वेगळं.

राहता राहिला प्रार्थनागट. तो सोडू नकोस, पुण्यात एकटीने हे सगळं पेलणं कठीण आहे. गटप्रमुखांना मात्र सांग की वचन पाठवण्याऐवजी एक संध्याकाळ या कामाला देऊया: ऑफिसात आपल्याला काय काय विचारतात ते प्रत्येकाने सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून दोन-तीन वाक्यांत उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा. तुम्ही मूर्तीची पूजा करता का, मरिया देव आहे का, फादर लग्न का करत नाहीत, चर्चमध्ये भाकर कसली देतात, तुम्ही मराठी कसं काय बोलता. फादरांना बोलवा, चुकलं तर ते दुरुस्त करतील. कुणाला काही येत नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगते" हेही चालणारं उत्तर आहे, फक्त मग विचारून खरंच सांगायचं. पुढच्या उपवासकाळाच्या आधी एवढं झालं तरी पुष्कळ.